वृद्ध मांजराची कैफियत

पहाटेच्या अंधारात स्वयंपाकघराकडे जाताना तळपायाला ओल लागावी, दिवा लावून पाहावे तो पायपुसण्यावर मूत्राचा ताजा डाग पसरलेला असावा, आणि चार पावलांवर पाय पोटाखाली घेऊन बसलेले घरातले १६ वर्षांचे मांजर शांतपणे आपल्याकडे पाहत असावे, हा प्रसंग ज्या घरांत मांजराला म्हातारपण गाठता आले आहे अशा बहुतेक घरांत कधी ना कधी येतो. त्या वेळी घरच्या माणसांच्या तोंडून जो निकाल बाहेर पडतो, तोही जवळजवळ ठरलेला असतो: मांजर बिघडले, मांजर मुद्दाम करते, आपण चार दिवस परगावी गेलो होतो त्याचा राग काढते. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपली बाजू मांडण्यासाठी जो कागद दाखल करतो त्याला आपल्याकडे कैफियत म्हणतात, आणि ती वाचल्यावाचून निकाल देणे हा अन्याय आहे हे कोणीही मान्य करील. मुक्या प्राण्याला कागद दाखल करता येत नाही. फरशीवरचा तो ओला डाग हीच त्याची कैफियत होय, आणि ती कशी वाचावी व वाचल्यावर घरात कोणती तजवीज करावी, एवढे सांगण्यापुरता या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे, ती ही की मांजराची स्वच्छता ही माणसाने लावलेली शिस्त नव्हे. कुत्र्याच्या पिल्लाला घराबाहेर जाण्याची सवय महिनोन्महिने लावावी लागते. मांजराचे पिल्लू महिनाभराचे झाले की भुसभुशीत माती दिसताच आपण होऊन उकरू लागते. आपल्या घरोघरच्या मांजराचा मूळ पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रुक्ष प्रदेशांत वावरणारे, फेलिस लिबिका या शास्त्रीय नावाने ओळखले जाणारे रानमांजर; आणि माणसाशी त्याचा सहवास इतका प्राचीन आहे की सायप्रस बेटावरील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाच्या सांगाड्याशेजारी मांजराचा सांगाडा पुरलेला आढळला आहे. त्या रुक्ष भूमीतून मांजराने दोन गोष्टींचा वारसा आणला: पाण्याचा थेंब न् थेंब जपून अत्यंत घट्ट मूत्र तयार करणारी मूत्रपिंडे, आणि आपले मलमूत्र सैल मातीत पुरून टाकण्याची वहिवाट.

ही वहिवाट चार भिंतींच्या आत चालू राहावी म्हणून माणूस पूर्वीपासून राख, वाळू किंवा लाकडाचा भुसा घमेल्यात भरून ठेवत आला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या तरुणाने १९४७ साली एका शेजारणीला राखेऐवजी मातीचे शोषक दाणे वापरून पाहण्यास दिले, आणि त्यातून आज शहरांच्या दुकानांत पिशव्यांनी मिळणाऱ्या लिटरचा धंदा उभा राहिला. ती माती आपल्याकडे जिला मुलतानी माती म्हणतात त्याच जातीची होती. पुढे १९८०च्या दशकात ओल लागताच गोळा बनणाऱ्या बेंटोनाइट मातीचा उपयोग सुरू झाला. भारतात ही माती मुख्यतः कच्छच्या भूमीतून निघते. परंतु या मातीने मांजराला नवीन काहीच शिकवले नाही. हजारो वर्षांची त्याची रीत पाळण्याची सोय तेवढी करून दिली. म्हणून जे मांजर पंधरा वर्षे बिनचूक आपल्या ट्रेमध्ये जात होते ते एकाएकी बाहेर जाऊ लागले, तर त्याने आपली रीत टाकली असे समजण्याऐवजी, ती पाळणे त्याला अशक्य किंवा क्लेशकारक झाले आहे असे समजणे अधिक सयुक्तिक ठरते. रागाने किंवा सूडबुद्धीने घाण करणे ही कल्पना माणसाच्या मनातून मांजराच्या माथी मारलेली आहे.

आता ही कैफियत वाचावी कशी? डाग किती मोठा, कोठे, कोणत्या वेळी आणि कोणत्या पवित्र्यात झाला, हे चार मुद्दे आधी टिपावेत. मांजर उभे राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर किंवा पडद्यावर तुषार उडवीत असेल, तर तो हद्द आखण्याचा प्रकार आहे, आणि दारापाशी येणारा परका बोका किंवा घरात आणलेले नवे पिल्लू यांसारखे कारण शोधावे लागते. बसून सपाट जागेवर केलेला डाग मात्र वेगळ्या वर्गात पडतो. भलेमोठे पाणथळ डबके आढळले तर शरीर मूत्रच अधिक बनवीत आहे. जागोजागी चमचा-अर्धा चमचा थेंब, तेही कधी गुलाबी छटेचे, दिसले तर मूत्राशयात दाह किंवा खडा असण्याचा संभव मोठा. ट्रेच्या अगदी कडेला, जणू उंबरठ्यापाशी येऊन थांबल्यासारखी, कोरडी कडक विष्ठा पडलेली असेल तर सांधे किंवा बद्धकोष्ठ यांचा विचार करावा. झोपलेल्या जागीच अंथरूण भिजत असेल आणि मांजराला त्याची जाणीवही नसेल, तर मूत्राशयावरील ताबाच सुटला आहे. आठवडाभर या सर्वांची वहीत तारीखवार नोंद ठेवावी. पशुवैद्यासमोर ती वही टेबलावर ठेवणे हे दहा मिनिटांच्या तोंडी वर्णनापेक्षा अधिक उपयोगी पडते.

वार्धक्यात मांजराला ग्रासणाऱ्या विकारांत मूत्रपिंडांच्या जीर्णतेचा क्रम पहिला लागतो. मांजराच्या एकेका मूत्रपिंडात सुमारे २ लाख सूक्ष्म गाळण्या असतात, आणि निसर्गाने त्यांची संख्या गरजेहून इतकी अधिक ठेवली आहे की निम्म्या निकामी झाल्या तरी बाहेरून काही कळत नाही. दोनतृतीयांश गाळण्या गेल्या की मूत्र घट्ट करण्याचे सामर्थ्य जाते. रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण वाढण्यास मात्र बहुधा तीनचतुर्थांश गाळण्या जाव्या लागतात. याचा अर्थ असा की रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत जे अजून उतरलेले नाही, ते कित्येकदा फरशीने आधीच सांगितलेले असते. पाण्यासारखे पातळ मूत्र दिवसातून अनेकदा होऊ लागते, ते भरून काढण्यासाठी मांजर वारंवार पाणी पिते, आणि पूर्वी जो ट्रे दिवसातून एकदा साफ केला तरी कोरडा राही तो आता दुपारीच चिखलासारखा होतो. ओल्या चिखलात पाय ठेवणे मांजराला रुचत नाही, म्हणून ते कोरडी जागा शोधते, आणि कोरडी व मऊ जागा म्हणजे आपले पायपुसणे, सतरंजी किंवा धुवायला काढलेल्या कपड्यांचा ढीग. येथे मांजराची स्वच्छतेची आवडच त्याला घाण करावयास लावते.

अशा मांजराचे पाणी तोडावे हा विचार सकृद्दर्शनी सोपा वाटतो, पण तो प्राणघातक आहे; कारण मूत्रपिंडांनी पाणी धरून ठेवणे सोडले आहे, आणि पिण्याचे पाणीही न मिळाल्यास शरीर काही तासांतच शुष्क होऊ लागते. उलट अशा मांजरासाठी घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवावे, ओलसर आहार द्यावा, आणि स्फुरद व प्रथिने यांचे प्रमाण बेताचे असलेले विशेष अन्न वैद्याच्या सल्ल्याने सुरू करावे. कित्येक मांजरे अशा पथ्याने पुढे वर्षानुवर्षे समाधानाने जगतात.

मूत्र वाढविणारे आणखी दोन विकार येथे नमूद केले पाहिजेत. एक मधुमेह, जो स्थूल मांजरांत अधिक आढळतो आणि वेळीच इन्सुलिन व आहार यांची जोड मिळाली तर काही मांजरांत पूर्णपणे मागेही हटतो. दुसरा अवटु ग्रंथीचा, म्हणजे थायरॉइडचा, अतिरेक. मांजरांतील या रोगाची पहिली नोंद न्यूयॉर्कमध्ये १९७९ साली झाली, आणि आज तो वृद्ध मांजरांतील अगदी परिचित रोग समजला जातो. मांजर अधाशासारखे खाते आणि तरीही वाळत जाते, रात्री अस्वस्थ हिंडते, ओरडते, ही त्याची खूण. या रोगात रक्ताचा प्रवाह वाढल्याने जीर्ण मूत्रपिंडांचे दुखणे झाकले जाते आणि अवटु ग्रंथीवर इलाज सुरू केल्यावर ते उघडकीस येते, म्हणून उपचारानंतरही मूत्रपिंडांची तपासणी पुन्हा करावी लागते. तेव्हा रक्त, मूत्राची घनता, साखर, अवटु ग्रंथीचे स्राव आणि रक्तदाब, एवढ्या तपासण्या १० वर्षांवरील मांजराच्या अशा प्रत्येक तक्रारीत करून घ्याव्यात. एका प्रसंगी मात्र तपासण्यांची वाट पाहण्यासही अवधी नसतो: एखादा बोका ट्रेमध्ये पुनःपुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि मूत्राचा थेंबही येत नाही असे दिसले, तर मूत्रमार्ग बंद झाला आहे असे समजून त्याच तासाला, रात्र असली तरी, दवाखाना गाठावा. एक-दोन दिवसांचा विलंब अशा बोक्याचा जीव घेतो.

सांध्यांच्या जीर्णतेबद्दल थोडे सविस्तर सांगणे अवश्य आहे, कारण मांजर आपली वेदना लपविण्यात अतिशय निष्णात असते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १२ वर्षांहून अधिक वयाच्या १०० मांजरांच्या क्ष-किरण चित्रांची तपासणी केली असता त्यांतील ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. आणि तरीही त्यांच्या दप्तरी लंगडण्याची नोंद क्वचितच होती. मांजर लंगडत नाही; ते उडी मारणे कमी करते, खिडकीवर एका झेपेत जाण्याऐवजी आधी खुर्चीवर आणि मग खिडकीवर जाते, पाठीच्या मागल्या भागापर्यंत जीभ पोचत नसल्याने तेथील केसांच्या गाठी होतात, आणि नखे झिजत नाहीत म्हणून ती जाड होऊन कधी तळव्यातही रुततात. आमच्या घरातील सोनी नावाची भाटी १५ वर्षांची झाल्यावर ट्रेच्या बाहेर शी करू लागली, तेव्हा आम्ही वाळू बदलली, ट्रेची जागा बदलली, तिला रागेही भरलो. आणि एके दुपारी ती ट्रेपाशी येऊन पुढचे दोन पाय आत टाकते, मागचे उचलण्याचा यत्न करते आणि मग तशीच उभी राहून बाहेर मोकळी होते हे प्रत्यक्ष पाहिले, तेव्हा आम्ही इतके दिवस चुकीच्या ठिकाणी तपास करीत होतो हे ध्यानात आले. ट्रेची कड सहा इंच उंच होती. त्या कडेचा एक भाग कापून दोन इंचांवर आणला, आणि आठवड्याभरात ती पुन्हा आत जाऊ लागली.

या वेदनेवर वैद्याजवळ आज चांगली औषधे आहेत. परंतु घरातल्या डब्यातली माणसाची गोळी मांजराला कदापि देऊ नये. पॅरासिटॅमॉलची ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी ४ किलो वजनाच्या मांजराला मारण्यास पुरेशी आहे, कारण हे औषध निर्विष करणारी जी रासायनिक क्रिया माणसाच्या यकृतात चालते ती मांजराच्या यकृतात फार दुर्बल असते.

याखेरीज वृद्धत्व मांजराच्या डोळ्यांत आणि मेंदूतही उतरते. मूत्रपिंडे किंवा अवटु ग्रंथी यांच्या विकारांतून रक्तदाब वाढला की दृष्टिपटल सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते, आणि ज्याला दिसत नाही त्याला हलविलेला ट्रे सापडणार तरी कसा? मेंदूच्या झिजेचे परिणाम माणसाच्या स्मृतिभ्रंशासारखेच असतात: मध्यरात्री मोठ्याने हाका घालणे, कोपऱ्याकडे तोंड करून उभे राहणे, जेवण झाल्याचे विसरणे, आणि आपल्या नेहमीच्या जागेचा विसर पडणे. ११ ते १४ वर्षांच्या मांजरांत सुमारे २८ टक्के, आणि १५ वर्षांपुढील मांजरांत सुमारे ५० टक्के मांजरे वार्धक्याने वागणुकीत झालेला असा एक तरी फरक दाखवितात, असा अंदाज ब्रिटनमधील पशुवैद्यकांनी केला आहे. अशा मांजरासाठी सामानाची हलवाहलव टाळावी, रात्री मंद दिवा लावून ठेवावा, आणि त्याचा वावर एक-दोन खोल्यांपुरता ठेवावा, म्हणजे अन्न, पाणी, अंथरूण आणि ट्रे ही चारही त्याला वीस पावलांच्या आत मिळतील.

आता घरातील बंदोबस्ताकडे वळू. ट्रेंची संख्या मांजरांच्या संख्येपेक्षा एकाने अधिक असावी. वृद्ध मांजर एकच असले तरी दोन ट्रे ठेवावेत, आणि घर दुमजली असल्यास प्रत्येक मजल्यावर एक. ट्रेची लांबी मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असावी. बाजारातील बहुतेक ट्रे याहून लहान असतात, म्हणून कपडे ठेवण्याचा प्लास्टिकचा पसरट मोठा खोका घेऊन त्याची एक बाजू कापून ठेवणे हे स्वस्त आणि उत्तम. वाळू किंवा लिटर बारीक, बिनवासाचे आणि दीड-दोन इंचांइतकेच खोल असावे, कारण खोल वाळूत दुबळे पाय रुततात. झाकणाचा ट्रे आपल्या नाकाला बरा वाटला तरी आतील कोंडलेला वास मांजराला नकोसा होतो. जागा शांत असावी. कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी किंवा जेवणाच्या वाटीशेजारी ट्रे ठेवणे म्हणजे आपणच त्याला तेथून हाकलणे आहे. सफाई दिवसातून निदान दोन वेळा करावी. घरात गर्भवती स्त्री असल्यास हे काम दुसऱ्याने करावे. मांजराच्या विष्ठेतून क्वचित पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू विष्ठा बाहेर पडल्यापासून निदान एक दिवस उलटल्यावरच बाधक होतो, म्हणून रोजची सफाई हेच त्याचे सर्वांत चांगले निवारण होय.

डाग धुण्याच्या बाबतीत आपल्याकडील एक रूढ सवय सोडावी लागेल, ती म्हणजे फिनेल. फिनेलमधील फिनॉल-वर्गीय द्रव्येही मांजराचे यकृत नीट निर्विष करू शकत नाही, आणि ओल्या फरशीवरून चाललेले मांजर मागाहून आपले पंजे चाटते. म्हणून ज्या घरात मांजर आहे तेथे फिनेल आणि डांबराच्या गोळ्या या दोहोंना मज्जाव असावा. अमोनियायुक्त द्रव्याने फरशी पुसली तर त्याचा वास मूत्राच्याच जातीचा असल्याने मांजराला तेथे पुन्हा बोलावणे धाडल्यासारखे होते, आणि मूत्रावर ब्लीच ओतले तर त्यातून घातक वायू निघतो. योग्य रीत अशी: प्रथम जुन्या फडक्याने ओल टिपून घ्यावी, घासू नये, थंड पाण्याने धुवावे, मग विकरयुक्त, म्हणजे एन्झाइम असलेल्या, क्लीनरने ती जागा पुरेशी भिजवून त्यावरील सूचनेप्रमाणे तितका वेळ तशीच राहू द्यावी. मांजराच्या मूत्रात फेलिनिन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल असते. ते हळूहळू विघटित होऊन उग्र दर्प सुटतो, म्हणूनच कालचा डाग आजच्यापेक्षा अधिक घाण वाटतो, आणि उन्हाळ्यात नाहीसा झालेला वास पावसाळ्याच्या दमट हवेत पुन्हा उठतो. जुन्या घरांतील शहाबादी फरशी सच्छिद्र असल्याने मूत्र आत मुरते. परंतु ती चुनखडीची असल्यामुळे तिच्यावर व्हिनेगर किंवा लिंबू वापरल्यास दगड खाल्ला जातो. विसरलेले डाग शोधण्यासाठी अंधारात अतिनील प्रकाशाची बॅटरी फिरवावी. सुकलेले मूत्र त्या उजेडात चमकते.

एवढे सांगून झाल्यावर एक अवघड गोष्ट उरते, ती माणसांची. रोज पहाटे फरशी पुसणाऱ्या व्यक्तीचा थकवा खरा असतो, आणि बहुधा घरात हे काम एकाच्याच वाट्याला येते. म्हणून घरच्यांनी बसून पाळ्या ठरवाव्यात, गाद्यांसाठी न भिजणारी खोळ आणि लहान मुलांसाठी वापरतात ती शोषक चादर आणावी, आणि ज्या खोलीत डाग सहन होणार नाही तिचे दार बंद ठेवावे. मांजराचे नाक डागावर घासणे किंवा त्याला मारणे याने काहीच साधत नाही. ते आपल्याला भिऊ लागते, लपून मोकळे होऊ लागते, आणि मग कैफियत वाचण्याची आपली संधीही जाते. म्हाताऱ्या मांजराला घराबाहेर किंवा बाजारात सोडून देणाऱ्यांनी एवढे तरी जाणावे की ज्याचे सांधे झिजले आहेत आणि ज्याला दर तासाला पाणी लागते, ते रस्त्यावर आठवडाही काढीत नाही. सर्व उपाय करूनही ते अन्न सोडते, आपल्याच ओल्या अंथरुणातून उठत नाही, अंग चाटत नाही, अशी वेळ आली तर पशुवैद्याशी वेदनारहित मरणाविषयी मोकळेपणाने बोलावे. तेही पालकत्वाच्या कर्तव्यातच मोडते.

सोनी कापलेल्या कडेच्या ट्रेनंतर आणखी दोन वर्षे जगली. अखेरच्या हिवाळ्यात तिच्या मूत्रपिंडांनी जवळजवळ हात टेकले होते आणि पायपुसण्यावर डाग पुन्हा येऊ लागले होते. पण त्या वेळी घरात कोणी निकाल देण्याची घाई केली नाही. तिच्या अंथरुणापासून तीन पावलांवर दुसरा ट्रे आला, पाण्याची वाटी शेजारी सरकली, आणि पायपुसण्यांचा एक जादा जोड धुऊन, वाळवून कपाटात तयार राहू लागला. तो जोड अजून त्या कपाटात आहे.